टायबेरियसच्या दोन चांदीच्या नाण्यांवर खुर्चीचे पाय वेगळे का आहेत?

प्रश्न: मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्व अभ्यासकांना नमस्कार. माझे आजोबा बेळगावातील शहापूर येथे एका सराफी पेढीवर दिवाणजी होते. मोडीत आलेल्या चांदीत एखादे अनोळखी नाणे दिसले, तर ते मुशीत जाण्यापूर्वी चांदीच्या भावाने स्वतः विकत घेण्याची त्यांची सवय होती. त्यांच्या पेटीत मला एका कागदी पाकिटात तीन लहान रोमन नाणी मिळाली असून पाकिटावर त्यांनी मोडी अक्षरांत वजने लिहून ठेवली आहेत : पहिले ३ मासे ६ गुंजा, दुसरे ३ मासे ७ गुंजा आणि कडी डाखलेले तिसरे पूर्ण ४ मासे.

पहिल्या दोन नाण्यांवर एका बाजूस पानांची माळ घातलेले पुरुषाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस खुर्चीवर बसलेली, हाती काठी व डहाळी धरलेली स्त्री आहे. माझी आजी तिला लक्ष्मी समजून दिवाळीत हळदकुंकू वाहत असे. तिसऱ्या नाण्यावर दोन तरुण उभे असून त्यांच्या मधे दोन ढाली आहेत. पहिली दोन नाणी मी आजवर एकसारखीच समजत होतो. परंतु परवा भिंगाखाली पाहताना लक्षात आले की, एकावर खुर्चीचे पाय सरळ व साधे आहेत, तर दुसऱ्यावर ते चौरंगाच्या कातीव पायांसारखे फुगीर आहेत. हा फरक ठसा कोरणाऱ्या कारागिराच्या हाताचा आहे की त्याला काही निश्चित अर्थ आहे? आणि असे फरक नोंदवत संग्रह वाढवायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १: मार्कंडेयकाठ (बेळगाव)

आपण किंमत न विचारता पायांबद्दल विचारले, याचा मनापासून आनंद झाला. आपली पहिली दोन नाणी रोमन सम्राट टायबेरियसची (इ.स. १४ ते ३७) देनारियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी, दिसतात. मस्तकाभोवतीच्या लेखाचा अर्थ ‘टायबेरियस सीझर, दैवी ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस’ असा, तर मागील बाजूच्या ‘पाँटिफ माक्सिम’ या लेखाचा अर्थ ‘मुख्य पुरोहित’ असा आहे. बसलेली स्त्री ही त्याची आई लिव्हिया असावी असे अनेक अभ्यासक मानतात. टायबेरियसने हाच एक नमुना गॉलमधील लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील ल्यों, येथील टांकसाळीतून जवळजवळ संपूर्ण कारकीर्दभर पाडून घेतला.

वीस वर्षांहून अधिक काळ चित्र एकच आणि लेखही तेच राहिल्यामुळे, आणि नाण्यावर वर्ष कोठेही दिलेले नसल्यामुळे, कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे हे ठरवण्यासाठी अभ्यासकांना अशा बारीक खुणांचाच आधार घ्यावा लागला. आपल्याला दिसलेला फरक त्यांपैकीच एक आहे. साध्या पायांच्या खुर्चीचा गट आधीचा मानतात आणि कातीव पायांचे गट त्यानंतरचे. याखेरीज खुर्चीखाली एक रेघ आहे की दोन, स्त्रीच्या हातातील काठी हा राजदंड आहे की टोक खाली केलेला भाला, तिचे पाय पाटावर टेकलेले आहेत का, या गोष्टीही पाहाव्यात. मस्तकाच्या बाजूने माळेच्या फितीची टोके मानेवर कशी पडली आहेत ते पाहावे. मात्र नाक थोडे लांब किंवा एखादे अक्षर थोडे तिरके असेल, तर तो केवळ वेगळ्या ठशाचा परिणाम असतो. ठसे हाताने कोरले जात, झिजत आणि पुन्हा नवे कोरले जात. ठशाठशांतील असा फरक आणि नमुन्यातील ठरवून केलेला बदल यांची वहीत सुरुवातीपासून वेगळी नोंद ठेवावी, कारण नवशिक्या संग्राहकाचा गोंधळ बहुधा तेथेच होतो.

तिसरे नाणे टायबेरियसच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याचे आहे. ते दोन तरुण म्हणजे त्याने दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस. त्या नमुन्यावर ऑगस्टसला ‘देशाचा पिता’ म्हटलेले असते आणि ही पदवी त्याला इ.स.पू. २ मध्ये मिळाली, त्यामुळे नाणे त्याआधीचे असू शकत नाही. त्यावर ढालींच्या वर दोन लहान वस्तू शोधाव्यात : एक संध्येच्या पळीसारखी पळी आणि दुसरी वळलेल्या टोकाची पुरोहिताची काठी. काही नाण्यांवर पळी डावीकडे असते, तर काहींवर उजवीकडे. आपल्या नाण्यावर ती कोणत्या बाजूस आहे, हे अवश्य कळवावे.

प्रतिसाद २: जुनी पेढी (निपाणी)

आमच्या घरात तीन पिढ्या सराफीचा व्यवसाय आहे, म्हणून फक्त पारखीविषयी लिहितो. १ मासा म्हणजे सुमारे ०.९७ ग्रॅम आणि ८ गुंजांचा १ मासा, या हिशोबाने आपल्या आजोबांची पहिली दोन वजने सुमारे ३.६४ आणि ३.७६ ग्रॅम होतात. देनारियसचे मूळ प्रमाण एका रोमन पौंडात ८४ नाणी, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम, असे होते. झीज धरली, तर ही वजने अगदी विश्वासार्ह वाटतात.

तरीही वजनावर थांबू नये. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात बुडवावे आणि वजनात किती घट होते ते पाहावे. चांदीची घनता सुमारे १०.५ असल्याने ३.७ ग्रॅमच्या नाण्याची घट सुमारे ०.३५ ग्रॅम यावी. तेच नाणे तांब्याचे असेल, तर ती ०.४१ च्या जवळ जाते, आणि तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेल्या जुन्या खोट्या नाण्याची घट या दोहोंच्या मधे येते. कडी लावलेल्या नाण्याला ही कसोटी लावू नये, कारण कडी आणि डाख यांची धातू वेगळी असते.

भिंगाने नाण्याची कड सर्व बाजूंनी पाहावी. ओतीव नाण्याच्या कडेवर साच्याचा सांधा किंवा तो घासल्याची खूण राहते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गुळगुळीत असतात. हातोड्याने ठोकून पाडलेली दोन नाणी ठसा एकच असला तरी कधीही तंतोतंत सारखी नसतात. एकाचा ठसा डावीकडे सरकतो, दुसऱ्याची कड फाटते. दोन नाण्यांवर चीर, खड्डा आणि सरकलेला ठसा अगदी सारखेच आढळले, तर ती एकाच साच्यातून निघाली आहेत, असे समजावे. आपल्या दोन नाण्यांवर पायच वेगळे आहेत, हे या दृष्टीने शुभलक्षण आहे.

एक कळकळीची विनंती आहे. चिंच, लिंबू, रांगोळी यांपैकी काहीही नाण्याला लावू नका आणि कडी उकलवू नका. डाख सोडवण्यासाठी दिलेली आच बारीक खुणा कायमची पुसून टाकते. आमच्या पेढीवर माझ्या लहानपणी एक नाणे असेच चकचकीत केले गेले आणि त्यावरील लेखाचा अर्धा भाग गेला. त्याची हळहळ आजही वाटते.

प्रतिसाद ३: पंचगंगेकडून (कोल्हापूर)

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. आपल्याकडे हेच दोन नमुने का आढळतात, याबद्दल थोडे लिहितो. भारतात मिळालेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टसचा गायस-लुसियस नमुना आणि टायबेरियसचा बसलेल्या स्त्रीचा नमुना हेच मोठ्या संख्येने आढळतात. इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने एका पौंडात ९६ नाणी पाडायला सुरुवात केली आणि चांदीचा कसही घटवला, त्यामुळे बाहेरच्या व्यापाऱ्यांना जुनी नाणी अधिक भरवशाची वाटली असणार. श्रीलंकेच्या राजाने वेगवेगळ्या चेहऱ्यांची देनारियस सारख्याच वजनाची आहेत हे पाहून रोमन लोकांच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. एकच नमुना वर्षानुवर्षे न बदलता पाडण्याचा लाभ अशा दूरच्या बाजारांत झाला असावा, असे माझे मत आहे.

आपल्या परिसराचा या व्यापाराशी संबंध होताच. चित्रदुर्गाजवळच्या चंद्रवळ्ळीला रोमन देनारियस मिळाली आहेत, कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती मिळाली आणि बेळगावच्या वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन वस्ती उत्खननात उघड झाली. आपली नाणी मात्र मोडीतून आलेली असल्यामुळे ती कोणत्या गावच्या मातीतली आहेत हे आता सांगता येणार नाही, आणि अभ्यासाच्या दृष्टीने हीच त्यांची मोठी उणीव आहे. भारतात या नाण्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. त्यांवर लेखाची अक्षरे केवळ रेघोट्या होऊन बसतात, म्हणून आपला लेख अक्षर अक्षर लावून पाहावा.

संग्रह वाढवताना शेतात सापडलेले म्हणून कोणी नाणे आणून दिले, तर ते घेऊ नये. जमिनीत मिळालेल्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे कायद्याने आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेरही नेता येत नाहीत. परदेशी संग्रहालयांनी आपल्या नाण्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. एकही नाणे विकत न घेता त्यांवरून पायांचे आणि रेघांचे तक्ते करता येतात, आणि मी स्वतः तसाच अभ्यास करतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आपणा तिघांचेही आभार. काल ओळखीच्या सोनारांच्या काट्यावर वजने घेतली. पहिले ३.६४ ग्रॅम आणि पाण्यातील घट ०.३५, दुसरे ३.७६ आणि घट ०.३६. आजोबांच्या गुंजांचा हिशोब आजही जुळला. बॅटरीचा प्रकाश आडवा धरून पाहिले, तेव्हा साध्या पायांच्या खुर्चीखाली दोन रेघा आणि कातीव पायांच्या खुर्चीखाली एकच रेघ स्पष्ट दिसली. दोन्हींवरचा लेख, जेवढा नाण्यावर उतरला आहे तेवढा, अक्षरशः वाचता येतो. गायस-लुसियस नाण्यावर पळी डावीकडे आणि काठी उजवीकडे आहे. कडी तशीच ठेवली आहे.

साध्या पायांच्या नाण्यावर स्त्रीच्या काठीचे खालचे टोक झिजले आहे, त्यामुळे तो राजदंड आहे की भाला, हे मला ठरवता येत नाही. चारही दिशांनी प्रकाश टाकून काढलेली छायाचित्रे रविवारी येथे देतो. मार्कंडेयकाठ यांनी कृपया ती पाहावीत.