मदत हवी आहे: बाबांच्या आतड्यात तोंडातले जंतू सापडले, दात काढावेत का?

अनघा_सांगली: शुक्रवारी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्याआधी उत्तर हवंय. भावाला असल्या गोष्टींचा भारी नाद. त्याने डबी मागवून बाबांच्या शौचाची 'गट मायक्रोबायोम' (आतड्यात कुठले जंतू किती, याची) तपासणी करून घेतली. रिपोर्ट चांगला जाडजूड आलाय आणि त्यात तोंडातले जंतू आतड्यात 'अति जास्त' असं लाल अक्षरात लिहिलंय. स्ट्रेप्टोकॉकस, रोथिया, व्हेलोनेला, शेवटी फ्युजोबॅक्टेरियम. प्रिव्होटेला तर धो धो. भाऊ म्हणतो फ्युजोबॅक्टेरियम म्हणजे आतड्याचा कॅन्सर, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करा. दातांचे डॉक्टर म्हणतात खालचे चार दात हलतायत, काढून टाकू. दात काढले की हे जंतू पोटात जायचे थांबतील का? पोट कायम फुगलेलं असतं. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका प्लीज.

रंकाळा: वय? साखर? गोळ्या कुठल्या चालू आहेत? डबी पाठवण्याआधी अँटिबायोटिक झालं होतं का? यातलं काहीच न सांगता काय उत्तर देणार?

विनायकराव: दात काढायची घाई कशाला? सकाळी उपाशीपोटी तिळाचं तेल तोंडात धरून ठेवायचं. माझ्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं. फक्त बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो.

कुंपणावरचा: काका, तेलाच्या चुळीने आतड्यातले जंतू कसे जाणार? क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणा, रोज दोनदा. विषय संपला.

मृण्मयी_द: रोज दोनदा, किती महिने? दात तपकिरी पडतात, चव जाते. शिवाय जिभेवरचे काही जंतू पालक-बीटमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. हा माउथवॉश त्यांनाही मारतो. आठवडाभर वापरल्यावर रक्तदाब थोडा वाढल्याचं प्रयोगात दिसलंय. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपुरताच वापरायचा असतो तो.

कुंपणावरचा: म्हणजे आता दातही घासायचे नाहीत का?

मृण्मयी_द: असं कोण म्हणालं?

अनघा_सांगली: वय ६९. साखर नाही, बीपी आहे. अँटिबायोटिक दाढ ठणकत होती तेव्हा घेतलं, डबी पाठवायच्या जरा आधीच कोर्स संपला होता. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी असते, ती काय सगळ्यांच्याच घरात असते. मशेरी सोडली आहे. म्हणजे कमी केली आहे. आता तरी सांगा.

रंकाळा: अहो, अर्धं उत्तर यातच आहे. माणूस दिवसाला लिटरभर तरी लाळ गिळतो आणि तिच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० कोटी जंतू असतात. म्हणजे रोज १०० अब्जांच्या घरात. बत्तीसच्या बत्तीस दात काढले तरी जीभ आणि लाळ राहतेच. यातले बहुतेक जठरातल्या आम्लात मरतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या नेमकं तेच आम्ल कमी करतात. २०१६ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या दोन मोठ्या अभ्यासांत या गोळ्या घेणाऱ्यांच्या शौचात तोंडातले जंतू जास्त निघाले. त्यात स्ट्रेप्टोकॉकस आणि रोथिया, तुमच्या यादीतले पहिले दोन.

दुसरं म्हणजे रिपोर्टमधले आकडे टक्क्यांत असतात. अँटिबायोटिकने आतड्यातले मूळचे जंतू मेले की तोंडातून आलेल्यांचा टक्का वाढलेला दिसतो, त्यांची संख्या होती तेवढीच असली तरी. आणि प्रिव्होटेलाचं सोडा. भाकरी-डाळ खाणाऱ्या आपल्या पोटात तो असायचाच. हिरड्यांच्या रोगातला प्रिव्होटेला इंटरमीडिया वेगळा, आतड्यातला प्रिव्होटेला कोप्री वेगळा. रिपोर्टने नुसतं आडनाव छापलंय.

विनायकराव: मग ती ॲसिडिटीची गोळी आजच बंद करा! रात्री ताकात चिमूटभर हिंग.

मृण्मयी_द: थांबा, काहीही बंद करू नका. ती गोळी कुणी दिली आणि कशासाठी? हृदयाचं काही औषध चालू आहे का?

अनघा_सांगली: गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या आहेत. त्याचा दातांशी काय संबंध?

मृण्मयी_द: संबंध आहे! त्या गोळ्या चालू असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून बऱ्याचदा ॲसिडिटीची गोळी सोबत देतात. विनायककाका, कृपा करून असले सल्ले देऊ नका. आणि अनघा, दातांच्या डॉक्टरांना स्टेंटचं सांगितलंय का? रक्त पातळ करायच्या गोळ्या दात काढायचेत म्हणून आपल्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी आणा. मी स्वतः दातांची डॉक्टर आहे, अशा कागदाशिवाय मी पक्कड हातात घेत नाही.

विनायकराव: मी अनुभव सांगितला. हिंग कुणाला बाधल्याचं ऐकिवात नाही.

इचलकरंजीकर: अवांतर: चार दातांच्या जागी इम्प्लांट करणार की कवळी? मी कोल्हापुरात करून घेतलं, पुण्यापेक्षा स्वस्तात झालं. फोटो टाकू का?

अनघा_सांगली: फोटो नको. फ्युजोबॅक्टेरियमबद्दल कोणीच बोलत नाहीये.

रंकाळा: बोलतो. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम सापडला. हिरड्यांच्या रोगात असतो तोच. २०२४ मध्ये सिॲटलच्या फ्रेड हच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातला एक ठरावीक उपगट गाठींमध्ये जास्त करून आढळतो. तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्यांत तो होता, आणि आम्लातही तो जास्त तग धरतो. भावाने इथपर्यंत वाचलं असणार. पण तुमच्या रिपोर्टमध्ये न्यूक्लिएटमचंही नाव नाही, उपगट तर लांबच. त्यावरून कॅन्सर आहे किंवा नाही, काहीच ठरत नाही. वेगळं विचारतो: शौचातून रक्त? वजन? हिमोग्लोबिन?

अनघा_सांगली: रक्त दिसलं नाही. वजन उतरलंय, पण हिरड्या दुखतात म्हणून भाकरी दुधात कुस्करून खातात, तेही अर्धी. हिमोग्लोबिन ९.६. ते अशक्तपणाचं आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आणल्यात.

मृण्मयी_द: ६९ वर्षांच्या पुरुषाचं ९.६ हे अशक्तपणा म्हणून सोडून द्यायचं नसतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे जठरातून थोडं थोडं जात असेल, डोळ्यांना न दिसता. आम्ल कमी असलं की लोह आणि बी१२ नीट शोषलं जात नाही, तेही असेल. किंवा खरंच आतड्यात काही असेल. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ करून घ्या आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जा, दुर्बिणीची तपासणी बहुधा तेच सुचवतील. भावाचं कारण चुकीचं आहे, पण कोलोनोस्कोपीसाठी तो मागे लागला असेल तर लागू दे.

कुंपणावरचा: एका हिमोग्लोबिनने जे कळलं त्यासाठी भावाने किती हजार घातले?

अनघा_सांगली: तो आकडा आईला कळू द्यायचा नाहीये. शुक्रवारची वेळ रद्द केली, सोमवारी हृदयाचे डॉक्टर, मग पोटाचे. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. दात काढले की जंतू कमी होतील का?

मृण्मयी_द: फार हलणारे दात काढावे लागतात, ते हिरड्यांसाठी. उरलेल्यांचं खोल स्केलिंग, म्हणजे हिरडीखालपर्यंत सफाई, करून घ्या. हिरडीच्या खिशांतला पू आणि जंतू लाळेबरोबर पोटात जातात, ते कमी होईल. त्याने पोट फुगणं थांबेल असं मी कुठल्याही पेशंटला सांगत नाही. मशेरी मात्र 'कमी' नको, बंद. डबी कुठे लपवतात ते शोधा.

अनघा_सांगली: सापडली. देवघरामागे, कापसाच्या पुडक्यात.

विनायकराव: तेल लाकडी घाण्याचंच घ्या.