म्हाताऱ्या सशाला ट्रेचा काठ ओलांडता येत नाही, काय करावं?

फोंडेकर: नमस्कार. ससा ८ वर्षांचा, वजन सव्वादोन किलो. एक्स-रेत मणक्याला आणि मागच्या पायांना संधिवात निघाला, डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक चालू आहे. लघवी-लेंड्यांसाठीचा ट्रे मांजराचा, काठ १२ सेंमी. पुढचे पाय आत जातात, मागचे बाहेरच, आणि लघवी मोझेकच्या फरशीवर. मडगावपासून म्हापशापर्यंत दुकानांत मांजराचेच ट्रे दिसतात. बुटक्या काठाचा कुठे मिळेल, की घरीच करावा?

करवत_कानस: घरीच करा. कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा खोका घ्या, तळ ६० × ४० सेंमी, उंची २० सेंमी. पारदर्शक, टिचकी मारल्यावर काचेसारखा वाजणारा नको, कापताना तडकतो. अंगठ्याने दाबल्यावर वाकेल असा दुधी रंगाचा बरा.

दार लांब बाजूला, २५ सेंमी रुंद, खाली ३ सेंमी काठ ठेवून. आखल्यावर आधी खालच्या दोन कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं पाडा. काप तिथे येऊन थांबतो, तडा पुढे जात नाही. हे टाळलं की हमखास खोका वाया. उभे काप हॅक्सॉ ब्लेडने, आडवा कटरने आठ-दहा वेळा ओढून. कड सँडपेपरने घासा आणि फिशटँकची हवेची नळी लांबीत चिरून तिच्यावर बसवा. नळी कुरतडू लागला तर काढून टाका, नीट घासलेली कडही पुरते. बाकी तीन बाजू उंचच राहू द्या, शेपटी उचलून मारलेली लघवी मागच्या भिंतीवर जाते.

मांडवीकाठ: ट्रेइतकीच फरशीही बघा. मोझेकवर मागचे पाय फाकत असतील तर काठ १ सेंमीचा केला तरी तो जाणार नाही. बसायच्या जागेपासून दारापर्यंत सलग न घसरणारी चटई घाला. काथ्याचं पायपुसणं मात्र नको, टाचांची कातडी सोलते. ३ सेंमीही जड जात असेल तर दारापुढे २५ सेंमी लांबीची उतरती फळी ठेवा.

आत कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या, फक्त २ सेंमी. जास्त घातल्या की पाय रुततात. मांजराच्या ट्रेत घालतात ती, ओली झाली की गोळा होणारी माती नको, पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. वर गवत पसरा आणि खायची जुडी एका टोकाला बांधा. ससे चरता चरताच लेंड्या टाकतात.

सशांची_आजी: गोळ्यांवर मी सहमत नाही. पाय ओढत चालणाऱ्याला त्या टोचतात. तळाला अंडरपॅड (लघवी शोषणारं, खाली प्लॅस्टिक असलेलं अंथरूण), वर फ्लीसचं कापड. नवं फ्लीस दोन-तीनदा सॉफ्टनर न घालता धुवा, नाहीतर लघवी वरच साचते. अंडरपॅडच्या कडा खाली दुमडा, प्लॅस्टिक खाल्लं तर आफत.

पावसाळ्यात शेपटीखाली दिवसातून दोनदा केस बाजूला करून बघा. ससे एरवी आपल्या मऊ लेंड्या वाकून स्वतःच खातात. संधिवातात ते जमत नाही, त्या ओल्या केसांना चिकटतात आणि माशी तिथेच अंडी घालते: तांदळाच्या कणीसारखे पिवळट-पांढरे पुंजके. दिवसभरात अळ्या होतात. एकही दिसली तर त्याच तासाला डॉक्टर गाठा.

फोंडेकर: आधी फ्लीस करून बघतो. ट्रे फिनेलने धुतला तर चालेल?

करवत_कानस: फिनेल नको. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, १५ मिनिटं ठेवा. तळाचा पांढरा थर लघवीतल्या कॅल्शियमचा असतो, तो सुटतो. आणि नवा खोका जुन्याच कोपऱ्यात ठेवा, आत जुन्या ट्रेतल्या मूठभर लेंड्या टाकून.