फोल्डर उडवण्याआधी हे बघा

विंडोजवर एखादा प्रोग्रॅम अनइन्स्टॉल होत नसेल, म्हणजे काढता येत नसेल, तर 'प्रोग्रॅम फाइल्समधला त्याचा फोल्डरच उडवा, काम संपलं' असा सल्ला मिळतो; तो कृपया कोणी पाळू नका. फोल्डर गेला तरी प्रोग्रॅमच्या सर्व्हिस (मागे चालणारी कामं), शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नोंदी तशाच राहतात, आणि प्रोग्रॅम काढणारा अनइन्स्टॉलरही त्याच फोल्डरात असेल तर परतीची वाटच बंद. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून, अनइन्स्टॉल करण्याचा दुसरा उपाय बरोबर आहे, पण अर्धाच: एमएसआय पद्धतीचे (विंडोज इन्स्टॉलरच्या .msi फाइलमधून बसवलेले) प्रोग्रॅम तिथे सहसा निघत नाहीत, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस सेफ मोडमध्ये मुळात चालूच नसते.

माझ्याकडे एक जुना प्रोग्रॅम दर वेळी 'एमएसआय फाइल सापडत नाही' म्हणून अडायचा. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. कारण निघालं ते असं, की जागा मोकळी करताना मी विंडोजमधल्या इन्स्टॉलर नावाच्या लपलेल्या फोल्डरातल्या फाइली पुसल्या होत्या. प्रोग्रॅम काढताना लागणारी एमएसआय फाइलची प्रत नेमकी तिथेच ठेवलेली असते. शेवटी प्रोग्रॅमच्या त्याच आवृत्तीचा मूळ सेटअप शोधून चालवला, त्यातल्या 'रिपेअर' पर्यायाने दुरुस्ती केली आणि मग अनइन्स्टॉल पहिल्या फटक्यात झालं. आवृत्ती मात्र तंतोतंत तीच हवी. मूळ सेटअप मिळतच नसेल, तर मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर वापरा. बिघडलेल्या नोंदी तो साफ करतो.