डीपकॉपीनंतरही तिन्ही ओळी एकच?
पायथनमध्ये लिस्टच्या आत लिस्ट असतील आणि स्लाइसने (म्हणजे [:] लिहून) प्रत घेतली, तर फक्त बाहेरची लिस्ट नवी होते, आतल्या त्याच राहतात, म्हणून सरळ डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट प्रत घेणारं copy.deepcopy) करा, असा सल्ला देतात, तो बरोबर. पण त्याने दर वेळी सुटका होत नाही. मी ३ बाय ३ ची जाळी एका ओळीच्या लिस्टला ३ ने गुणून केली होती. दिसायला तीन ओळी, प्रत्यक्षात एकच लिस्ट तीनदा. डीपकॉपी घेतली, पहिल्या ओळीत १ टाकला, तर तिन्ही ओळींत १! अख्खी दुपार गेली त्यात.

डीपकॉपी आधी कॉपी केलेल्या ऑब्जेक्ट्सची (म्हणजे लिस्टसारख्या गोष्टींची) नोंद ठेवते. तोच ऑब्जेक्ट पुन्हा भेटला की आधी केलेलीच प्रत देते, म्हणून माझ्या तिन्ही ओळी प्रतीतही एकच राहिल्या. स्वतःचाच रेफरन्स (स्वतःकडेच जाणारा दुवा) आत असलेली लिस्टही ती न अडकता कॉपी करते ती यामुळेच, आणि मला हे फार आवडतं. जाळी मात्र लिस्ट कॉम्प्रिहेन्शननेच (चौकटी कंसातला for, जो दर फेरीत नवी ओळ बनवतो) बनवा.