पायावर फ्री फ्लॅप होणार आहे, तो जगावा म्हणून आम्ही काय सांभाळायचं?

सांजवारा:
धाकट्या भावाच्या नडगीचं हाड अपघातात मोडलं आणि वरची कातडीही गेली. हाड उघडं आहे, त्यामुळे नुसतं स्किन ग्राफ्ट (कातडीचा पातळ थर लावणं) चालणार नाही, मांडीचा फ्लॅप, म्हणजे कातडी आणि तिच्याखालचा थर असा जाड तुकडा, रक्तवाहिन्यांसकट काढून तिथे जोडू, असं प्लास्टिक सर्जननी सांगितलं. "पहिले तीन दिवस महत्त्वाचे" हेही म्हणाले. फ्लॅप नेमका कशाने जातो? त्यातलं आमच्या हातात काय आहे? भावाला शुगर नाही, पण सिगारेट ओढतो. जवळून पाहिलेल्यांनी कृपया लिहा.

रातपाळी:
ताई, मी प्लास्टिक सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. पहिलं काम, सिगारेट आजपासून बंद. शेजारी बसून कोणी ओढत असेल तर तेही बंद. ऑपरेशनआधी निदान चार आठवडे सोडलेली असावी असं सांगतात. अपघातात तेवढी सवड मिळत नाही, तरी आज सोडल्याचाही फायदा आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, तो एखाद्या दिवसात बराच उतरतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. फ्लॅपची जोडलेली वाहिनी असते दोन-तीन मिलिमीटरची, तिला हे परवडत नाही.

दुसरं म्हणजे रंग. आम्ही सुरुवातीला तासातासाला फ्लॅप बघतो, रात्रीसुद्धा. पांढरा पडला, गार लागला, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला वेळ लागला, तर रक्त आत येत नाहीये. जांभळा झाला, फुगला, दाबल्यावर रंग झटकन परत आला, तर आलेलं रक्त बाहेर जात नाहीये. हा दुसरा प्रकार जास्त वेळा दिसतो आणि नातेवाइकांना फसवतो, कारण फ्लॅप गरम आणि भरलेला वाटतो. तुम्ही स्वतः दाबून बघू नका, पण रंग बदललासा वाटला तर लगेच हाक मारा. उगाच बोलावलं म्हणून कोणी रागावणार नाही. वेळेत परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन गुठळी काढली तर कित्येक फ्लॅप वाचतात, काही तास गेले की नाही वाचत.

मोकळी_ओंजळ:
माझ्या वडिलांचा फ्लॅप झाला होता. खोली उबदार ठेवा, थंडीने नसा आकसतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला तरी चालेल असं वाटतं.

सुईदोरा:
खोली उबदार हवी हे बरोबर, पण पिशवी अजिबात नको! फ्लॅपला संवेदना नसते. भाजलं तरी रुग्णाला कळत नाही, आणि भाजलेला फ्लॅप वाचवणं फार अवघड. मी याच विषयात रेसिडेंट डॉक्टर आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

मूळ प्रश्नाबद्दल: पूर्वी फ्लॅपची लांबी त्याच्या रुंदीवर बेतायचे. 1970 मध्ये मिल्टन या संशोधकांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की नुसती रुंदी वाढवून फ्लॅप जास्त लांबवर जगत नाही, त्यात कोणती रक्तवाहिनी आहे यावर ते ठरतं. म्हणून जास्त भार सर्जनच्या आखणीवर असतो: इजा झालेल्या भागाबाहेरची धडधाकट वाहिनी निवडणं, जोडाला ताण किंवा पीळ न येऊ देणं. अनुभवी केंद्रांत शंभरातले पंचाण्णवहून जास्त फ्री फ्लॅप जगतात, हेही लक्षात असू द्या.

नंतर घात करतात ती साधी कारणं. घट्ट बँडेज, फ्लॅपखाली साचलेलं रक्त, पायाचा भार नेमका वाहिनीवर येणं, शरीरात पाणी कमी पडून बीपी उतरणं. पाय उशीवर उंच ठेवतात तो तसाच राहू द्या. भाऊ कंटाळून पाय खाली सोडू म्हणेल, तेव्हा तुम्ही ठाम राहा. सर्जन सांगतील तेव्हाच, आणि तोही आधी काही मिनिटंच.

सांजवारा:
मनापासून आभार. सिगारेटचं पाकीट काढून घेतलं आहे. त्याऐवजी निकोटिनचं च्युइंगम दिलं तर?

सुईदोरा:
परस्पर देऊ नका. त्यात धूर नसला तरी निकोटिन आहेच. तलफ अनावर झाली तर सर्जन आणि भूलतज्ज्ञांना सांगा, ते पर्याय देतील. आणि चोरून एखादी ओढली गेली असेल तर तेही त्यांना खरं सांगा, भूल देताना ते माहीत असावं लागतं.