डिशवॉशरचा रिन्स एडचा दिवा : तुमचा अनुभव काय?

आमच्या डिशवॉशरवर पंधरा दिवस रिन्स एडचा दिवा लागलेला होता. रिन्स एड म्हणजे भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून दारातल्या कप्प्यात भरायचा द्रव, आणि तो संपत आला की हा दिवा लागतो. कप्पा दोनदा भरला, तरी तो जाईना. तिसऱ्यांदा भरायला गेले तर द्रव तोंडाशी येऊन बाहेर ओघळला, म्हणजे कप्पा आधीच काठोकाठ होता. खूप शोधल्यावर कारण सापडलं. शोधताना कळलं की हाच दिवा वेगवेगळ्या घरी वेगवेगळ्या कारणांनी लागतो. ते सगळं एका ठिकाणी जमावं म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडे काय झालं, काय करून पाहिलं, काय फसलं, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या मशीनमध्ये कप्प्याच्या आत एक छोटा तरंगणारा तुकडा आहे आणि त्यात चुंबक आहे. द्रव कमी झाला की तुकडा खाली येतो आणि दाराच्या आतल्या स्विचला ते कळतं. आम्ही दोन महिने घरी नव्हतो. तळाशी उरलेला द्रव आटून चिकट झाला आणि तुकडा तिथेच चिकटून बसला. वरून कितीही ओतलं तरी तो जागचा हलेना. मग बिनसुईच्या मोठ्या सिरिंजने सगळा द्रव ओढून काढला, कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवलं आणि तेही काढलं. असं तीनदा केलं. त्यानंतर रिन्स एड भरलं आणि दिवा गेला. टोकदार वस्तू आत घालून तुकडा ढकलायचा मोह होतो, तो कृपया टाळा.

* * *

आमच्याकडे काहीच बिघडलं नव्हतं. भरल्या भरल्या दिवा विझेल असं धरून चाललो होतो. दार बंद करून एक पूर्ण फेरी होऊ दिली, तेव्हा गेला. दार उघडं आणि आडवं असतं तेव्हा कप्प्यातली पातळी मशीनला नीट कळत नाही.

* * *

आम्ही 'सगळं एकात' असलेल्या गोळ्या वापरतो. साबण, पाण्याचा जडपणा कमी करणारं डिशवॉशरचं मीठ आणि रिन्स एड, तिन्हींचं काम तीच करते असं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यामुळे दारातला कप्पा कायम रिकामा आणि दिवा कायम चालू. मशीनच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कप्पा रिकामा आहे एवढंच ते सांगतंय. गोळीत काय आहे हे त्याला कळत नाही. पुस्तिका वाचली तेव्हा सेटिंगमध्ये ही सूचना बंद करायची सोय सापडली. बंद केली आणि दोन वर्षं निवांत गेली.

* * *

वरच्या अनुभवाबद्दल माझं मत वेगळं आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. आम्हीही तीन वर्षं फक्त गोळीवर काढली आणि प्लास्टिकचे डबे रोज फडक्याने पुसले. रिन्स एडचं खरं काम शेवटच्या गरम खंगाळण्यात असतं. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, थेंब धरून राहत नाहीत, पातळ पापुद्र्यासारखं पाणी घसरून जातं. गोळी धुण्याच्या टप्प्यालाच विरघळते आणि ते पाणी बाहेर फेकलं जातं. शेवटपर्यंत तिच्यातलं किती शिल्लक राहणार? गोळी तीच ठेवून कप्पा भरायला लागल्यापासून काच आणि स्टील कोरडंठाक निघतं. प्लास्टिक अजूनही थोडं ओलं राहतं, पण ते चालायचंच, कारण ते स्वतःत उष्णता धरून ठेवत नाही. ज्या मशीनमध्ये वाळवायला वेगळा पंखा किंवा हीटर नाही आणि भांड्यांच्या स्वतःच्या उष्णतेवरच सगळं अवलंबून आहे, तिथे हा फरक जास्त जाणवतो.

* * *

माझी चूक सांगतो, दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून. दिवा लागला, घरात रिन्स एड नव्हतं, म्हणून सिंकपाशी हाताने भांडी घासायला ठेवलेला द्रव साबण कप्प्यात ओतला. शेवटच्या खंगाळण्यात फेस एवढा झाला की दाराच्या खालून बाहेर आला. तळाच्या ट्रेमध्ये पाणी उतरलं, गळतीची सुरक्षा लागली आणि मशीन बंदच पडलं. ट्रे कोरडा करण्यात अख्खा दिवस गेला. कप्प्यातला साबण सिरिंजने काढला, कोमट पाण्याने सात-आठ वेळा धुतला, मग रिकाम्या मशीनवर नुसत्या खंगाळण्याच्या चार फेऱ्या केल्या. पाचव्या फेरीला फेस दिसला नाही. रिन्स एड संपलं असेल तर कप्पा रिकामा राहू द्या. भांडी थोडी ओली निघतील, बाकी काही बिघडत नाही.

* * *

आमचा दिवा दर आठ-दहा दिवसांनी लागायचा. कारणं दोन निघाली. एक म्हणजे मात्रा सर्वांत वरच्या आकड्यावर होती. आमच्या कप्प्यात साधारण १२० मिली मावतं. फेरीला ३ मिली गेलं तर ४० फेऱ्या, ६ मिली गेलं तर २०. पण आम्ही दिवसाला एकच फेरी करतो, मग ८ दिवसांत कसं संपेल? हा हिशेब मांडला तेव्हाच गळतीची शंका आली. झाकणाची रबरी रिंग मऊ पडून फुगली होती. मध्यंतरी मी कुणाचं तरी ऐकून सहा महिने व्हिनेगर भरत होते, आणि माझ्या मते त्यानेच रबर गेलं. झाकण रिंगसकट बदललं आणि मात्रा मधल्या आकड्यावर आणली. त्याआधी ग्लासांवर निळसर झाक आणि लांब रेघा यायच्या, त्याही थांबल्या. रेघा दिसल्या तर मात्रा जास्त आहे, आणि वाळलेल्या थेंबांचे गोल डाग दिसले तर कमी, एवढं मी आता बघते. भरताना सांडलेलं लगेच पुसायचं, त्यानेही फेस होतो.

* * *

माझा गोंधळ चिन्हांचा होता. चांदणीसारखं चिन्ह रिन्स एडचं आणि नागमोडी बाणांची जोडी मिठाची. मी महिनाभर बाण बघून रिन्स एड भरत होतो! ग्लास पांढुरके होत गेले. एका ग्लासाला व्हिनेगर चोळून पाहिलं, पांढरेपणा निघाला, म्हणजे तो पाण्यातला क्षार होता. मीठ भरल्यावर सुधारलं. दोन ग्लासांचा मात्र निघालाच नाही. त्यांची काचच झिजली होती, आणि ती परत येत नाही.

* * *

मला दिव्यापेक्षा पोटाची काळजी होती. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या ॲलर्जी आणि दमा संशोधन संस्थेचा अभ्यास २०२२च्या शेवटी प्रसिद्ध झाला. रिन्स एडमधल्या अल्कोहोल इथॉक्सिलेट्समुळे (पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी रसायनं) आतड्याच्या पेशींच्या थराला इजा होते, असं त्यांना प्रयोगशाळेत दिसलं. मी घाबरून कप्पा भरणंच सोडलं होतं. नीट वाचल्यावर कळलं की त्यांचा रोख मोठ्या स्वयंपाकघरांतल्या व्यावसायिक मशीनवर होता. तिथे फेरी मिनिटांत उरकते आणि रिन्स एड भांड्यांवर राहून जातं. आता मी कप्पा भरते, पण मात्रा सर्वांत कमी ठेवते. आमच्याकडे धाकटी दीड वर्षाची आहे, तिच्या वाट्या नंतर साध्या पाण्याखाली धरते. कुणाला हे जास्तीचं वाटेल, पण मला त्याने बरं वाटतं.

* * *

आमचं सगळ्यांच्या उलट. वर्षभर दिवा लागलाच नाही आणि आम्हाला वाटलं, रिन्स एड पुरतंय. भांडी मात्र ओलीच निघायची. आईच्या ते आधी लक्षात आलं. ती म्हणाली, "बाटली आणल्यापासून तशीच आहे, मग जातंय कुठे?" कप्प्याच्या काचेच्या खिडकीवर पातळीपाशी मार्करने रेघ मारली. दहा फेऱ्यांनंतरही द्रव रेघेवरच होता. साबणाचं झाकण वेळेवर उघडत होतं, पण रिन्स एडची खिट्टी हलत नव्हती. आमच्या मशीनमध्ये दोन्ही कामं दारातला एकच भाग करतो, त्यामुळे तो पूर्ण बदलावा लागला. दुरुस्तीला आलेल्या दादांनी आधी वीज बंद केली, मग दाराचे स्क्रू काढले. नव्या भागावर आम्ही पुन्हा रेघ मारली. या वेळी चौथ्या फेरीलाच द्रव तिच्या खाली गेला.