धरणातले मासळी-पिंजरे: पाण्याचा हिशोब कोण मांडणार?

भीमाकाठ

धरणांत तरंगते पिंजरे लावून मासे वाढवायला 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून अनुदान मिळतंय. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. रोजगार आणि उत्पादन यांवर सगळे भरभरून बोलतात. पाण्यात काय मिसळतं याचा विषय मात्र निघत नाही, म्हणून साधा हिशोब मांडतो.

आपल्याकडचा नेहमीचा पिंजरा 6 बाय 4 मीटरचा, 4 मीटर खोल. एका पिकाला त्यातून तीन टन पंगस (पिंजऱ्यात वाढवतात तो मासा) निघतो असं धरू. किलोभर माशाला दीड किलो खाद्य, म्हणजे साडेचार टन खाद्य. त्यात 28 टक्के प्रथिनं असली तर नत्र (नायट्रोजन) होतं सुमारे 200 किलो. माशाच्या अंगी लागतं जेमतेम 80. उरलेलं 120 किलो कल्ल्यांतून अमोनिया होऊन, विष्ठेतून आणि वाया गेलेल्या खाद्यातून पाण्यातच जातं. युरियात मोजलं तर 45 किलोच्या जवळपास सहा गोण्या, एका पिंजऱ्याच्या एका पिकातून! स्फुरद (फॉस्फरस) वेगळंच, आणि गोड्या पाण्यात शेवाळ माजतं ते बहुतेक वेळा स्फुरदामुळे.

पिंजरे बंद करा असं मी म्हणत नाही. पण कुठल्या जलाशयात किती पिंजरे, हे ते पाणी किती सोसेल यावरून ठरलं पाहिजे.

पिंजरेवाला

आकडे मान्य, पण ते कशाशी ताडून बघायचे? माणसाच्या शरीरातून दिवसाला 10-12 ग्रॅम नत्र बाहेर पडतं, वर्षाला चारेक किलो. म्हणजे तुमचा पिंजरा झाला तीस माणसांएवढा. शंभर पिंजरे लावले तरी तीन हजार वस्तीचं गाव. भीमेवरच्या उजनी धरणाच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड, 2011 च्या जनगणनेत दोन्ही मिळून 48 लाख लोकसंख्या. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्या भीमेला मिळतात आणि ते पाणी उजनीत येऊन थांबतं. जलपर्णी पोसली ती त्या सांडपाण्यावर. शहराला कुणी विचारत नाही आणि धरणात जमीन गेलेला माणूस चार पिंजरे लावतो तेव्हा त्याच्यापुढे हिशोबाची वही येते. मला याचा खरंच राग येतो.

दुसरं असं की मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवायला त्याला खाद्य जाळावं लागत नाही, पाण्यात तरंगतो म्हणून उभं राहायलाही शक्ती खर्चावी लागत नाही. एवढ्या कमी खाद्यात किलोभर मांस देणारी शेळी दाखवा. लोक मासे खाणारच आहेत. ते कुठून आणायचे?

कोकणपट्टी

खाद्य कुठून येतं तेही बघा. आमच्या किनाऱ्यावर तारली आणि जाळ्यात येणारी बारीकसारीक पिल्लं फिशमीलच्या, म्हणजे खाद्यासाठी मासळीची पूड करणाऱ्या कारखान्यांकडे जातात. वाढली असती तर तीच मासळी बाजारात चांगल्या भावाने गेली असती. गोरगरिबांच्या ताटातली तारली दळून महागडी कोळंबी वाढवायची, याला मी तरी टिकाऊ म्हणणार नाही.

पिंजरेवाला

कोळंबीच्या खाद्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं. पंगस आणि चिलापीचं (तिलापिया) तसं नाही. त्यांचं खाद्य मुख्यतः सोयापेंड आणि तांदळाच्या कोंड्यावर चालतं, फिशमील अगदी थोडं. सगळ्या मत्स्यशेतीला एकाच मापाने मोजू नका.

भीमाकाठ

@पिंजरेवाला, शहराच्या सांडपाण्याबद्दलचा राग माझाही आहे. पण ज्या धरणावर आधीच 48 लाखांचा बोजा आहे तिथे आणखी भर घालायला तो आधार कसा होतो? आणि ज्या धरणांच्या वर शहरच नाही, पाणी अजून स्वच्छ आहे, तिथे तर तुमची तुलनाच लागू पडत नाही.

शिवाय पिंजऱ्यातली घाण एका जागी पडते. तळाशी साचून कुजते, तळचा प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम, खालचं गार, दोन्ही थर मिसळत नाहीत. मग वादळी पाऊस येतो, वरचं पाणी एकदम गार होतं आणि तळचं निर्जीव पाणी वर येतं. 2011 मध्ये फिलिपिन्सच्या ताल सरोवरात पिंजऱ्यांतले शेकडो टन मासे काही दिवसांत मेले. इंडोनेशियातल्या मनिंजाऊ सरोवरात तर हे वारंवार होतं.

पंगसच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. पहाटे पिंजऱ्यापाशी उभं राहून बघा, पंगस भराभर वर येऊन तोंडाने हवा घेतात आणि खाली जातात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी त्यांचं भागतं. त्यामुळे पिंजऱ्यात सगळं आलबेल दिसतं आणि बाहेर कटला-रोहू गुदमरतात. नुकसान पिंजरेवाल्याचं होत नाही, होडी घेऊन जाळं टाकणाऱ्याचं होतं. मच्छीमार सोसायटीचे सभासद दोघंही असतात, पण दोघांचं हित एक नसतं.

शेततळं

जाळं फाटून मासे सुटतात, त्याचं काय? मोझांबिक चिलापी 1952 साली देशात आणली. आज उजनीकाठच्या भिगवणला जाऊन मासे मागा, आधी चिलापीच पुढे येते. धरणात एकदा शिरलेला मासा परत काढता येत नाही.

आंबेगावकर

आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणाचं उदाहरण कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. तिथल्या विस्थापित आदिवासींनी सहकारी पद्धतीने मासेमारी उभी केली आणि पिंजऱ्यांचा उपयोग केला तो मत्स्यबीज वाढवायला. पिंजऱ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, तयार करायची आणि जलाशयात सोडायची. मोठी झाल्यावर ती धरणातलंच नैसर्गिक खाद्य खाते. बाहेरचं खाद्य लागतं ते लहानपणी, अगदी थोडं. टनावारी उत्पादन दिसत नाही म्हणून या पद्धतीचा गाजावाजा होत नाही. पण फायदा होडीवाल्या प्रत्येक घरापर्यंत जातो. माझं मत यालाच.

पिंजरेवाला

बोटुकली सोडणं चांगलंच. पण धरणाच्या मोकळ्या पाण्यातून मिळणारं उत्पादन पावसावर आणि नशिबावर. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. पिंजऱ्यातला मासा मोजता येतो, ठरल्या वेळी विकता येतो. बँक त्यावरच पैसे देते.

भीमाकाठ

मग निदान उन्हाळ्याचं ठरवू. 2024 मध्ये उपयुक्त साठा संपून उजनी वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी एवढं आटतं तेव्हा तेवढ्याच पिंजऱ्यांची घाण निम्म्याहून कमी पाण्यात जिरवायची असते. मार्चच्या आत मासे काढा, एप्रिल-मे पिंजरे रिकामे ठेवा. आणि तळाचा प्राणवायू दर आठवड्याला, सूर्य उगवायच्या आत मोजून सोसायटीच्या फळ्यावर लिहा. मीटर काही परवडणार नाही एवढा महाग नसतो.

पिंजरेवाला

मार्चचं पटतं, मी स्वतः तसंच करतो. तेव्हा भावही बरा मिळतो. पण पिंजऱ्यांची संख्या बांधून देणार असाल तर तोच मीटर आधी शहराच्या नाल्यांच्या तोंडाशी लागला पाहिजे. तो लागेपर्यंत माझे पिंजरे कमी करायला मी तयार नाही.

आंबेगावकर

आणि तोपर्यंत जाळंवाल्यांनी काय खायचं?